कापडाचं दुसरं टोक

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. कुणाला वडाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाची गाडी नेमकी स्मशानापाशीच बंद पडते... पेट्रोल बघून निघत जा म्हणावं की!

आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून अंगारा-धुपारा, नवस-सायास सगळं बंद झालेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा आईनं दृष्ट लागू नये म्हणून माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. सासऱ्यांनी तो पाहिला, कात्री आणली आणि स्वतः कापला. म्हणाले, "पोरी, या घरात भ्यायचंच असल तर विंचवाले भ्यायचं. बाकी कायले नाही." मला ते फार आवडलं होतं. तेव्हापासून मी विंचवाला भिते आणि बाकी कायलेच नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. पण जे झालं ते भर दुपारी झालं, मारेगावात, लख्ख उन्हात. कुठं सांगावं हे कळत नव्हतं. म्हटलं, ज्यांना मी इतकी वर्षं हसले त्यांनाच सांगावं. आता तुमची पाळी.

आम्ही घाटंजीचे. माझे यजमान पूल टेबल बांधायचे. होय, तेच... हिरव्या कापडाचं टेबल, रंगीत गोट्या, लांब काठी. घाटंजी म्हटलं की लोकांना कापूस आठवतो आणि आठवडी बाजार आठवतो. इथं पूल टेबल बनतं म्हटलं की पाहुणे चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहतात. हे तरुणपणी नागपूरला एका म्हाताऱ्या उस्तादाकडे काम शिकले. उस्ताद गेले, कारखाना बंद झाला, आणि हे गावी परतले. लोक म्हणाले, आता खुर्च्या-पलंग कर. हे म्हणाले, "सागवान इथलं, हात माह्ये. मग टेबल नागपूरलेच काहून बनावं?" आणि बनवलं. आमची टेबलं यवतमाळला आहेत, वणीला आहेत, पुसद-दिग्रसला आहेत, तिकडे सीमेपलीकडे आदिलाबादेतही आहेत. लोक त्यांना देवराव मिस्त्री म्हणायचे. मी आपली "हे" म्हणते, तसंच म्हणेन.

टेबल म्हणजे लोकांना वाटतं लाकूडकाम. लाकूड तर नुसता सांगाडा. खरं टेबल म्हणजे आतली दगडाची पाटी. ती तीन तुकड्यांत येते, एकेक तुकडा उचलायला चार माणसं लागतात. ते तीन तुकडे असे जुळले पाहिजेत की वरून बोट फिरवलं तर सांधा कळू नये. सांध्यात मेण भरायचं, गरम असताना ओतायचं आणि निवल्यावर पात्यानं खरवडून काढायचं. हे बाजारातलं मेण घेत नसत. मंगळवारच्या बाजारात पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, एक बाबा जंगली मधाच्या पोळ्याचं मेण घेऊन यायचे, तेच. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, नुसतं मेण भरलं तर वैशाखात वितळून गोटी रुतायची. म्हणून त्यात राळ मिसळायची. किती, ते यांच्या नाकाला कळायचं. कढईतून वास आला की म्हणायचे, "बस, झालं." अजून कुठं राळ जळाल्याचा वास आला की मी मागं वळून बघते.

मग पाणसळ लावून टेबल सरळ करायचं. पायाखाली पाचर म्हणून हे पत्त्याच्या कॅटातली पानं घालायचे. कॅट आणताना दुकानदार दरवेळी डोळा मारायचा, आणि हे दरवेळी सांगायचे, "जुगारात राजानं कोणाचंच भलं नाही केलं. इथं पायाखाली गेला की कामाले येते."

आणि सगळ्यात शेवटी कापड. कापड माझं काम. एकटीचं नाही, दोघांचं. कारण ते एकट्यानं होतच नाही.

हे जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे. हिरवं लोकरीचं कापड पाटीवर अंथरतात आणि पाटीच्या कडेखाली जी लाकडी पट्टी असते, तिला बारीक खिळ्यांनी ठोकतात. कापड ढोलकीच्या कातड्यासारखं तंग पाहिजे आणि सगळीकडे सारखंच तंग पाहिजे. एका जागी जरा जास्त ओढलं की लाट उठते, आणि त्या लाटेवर गोटी वाकडी जाते. म्हणून एकानं या बाजूला ठोकायचं आणि दुसऱ्यानं समोरच्या बाजूनं कापड धरायचं. पट्टी कडेच्या खाली, म्हणून दोघांनाही उकिडवं बसावं लागतं. मधे टेबल. एकमेकांचं तोंड दिसत नाही. तोंडात खिळे धरलेले, म्हणून बोलताही येत नाही.

मग सांगायचं कसं? कापडानंच. दोन बारके झटके म्हणजे "धरलं, मार." एक लांब ओढ म्हणजे "थांब, काहीतरी चुकलं." एवढंच. एवढ्यावर आमचा संसार चालला म्हटलं तरी चालेल. कापडातून मला यांचा मूड कळायचा. सकाळी माझ्याशी भांडून आलेले असले की कापड कोरडं यायचं, नुसतं कामापुरतं. पोरीचा निकाल चांगला लागला त्या दिवशी कापड कसं... हसल्यासारखं येत होतं. तुम्ही म्हणाल, कापड काय हसतं? तुम्ही एकदा दुसरं टोक धरून बघा.

आणि एक गंमत होती. ती आजवर कुणाला सांगितली नव्हती, पोरीलासुद्धा नाही. सगळे खिळे झाले की शेवटचा कोपरा मोकळा राहतो. तिथलं जास्तीचं कापड दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं, ते नंतर कापायचंच असतं. नेमकं तेव्हा हे समोरून एक जोराचा हिसका द्यायचे. मी चवड्यांवर बसलेली. धाडकन गुडघ्यावर यायची, कपाळ पट्टीला टेकायचं. मी ओरडायची, "अवो, लाज वाटते का काही!" आणि टेबलाच्या पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. एवढा मोठा मिस्त्री, पाणसळीतल्या केसाएवढ्या फरकानं जेवण सोडणारा माणूस, आणि दरवेळी हा चाळा! कापडाला मात्र ओरखडा नाही. तो हिसका जास्तीच्या तुकड्यालाच बसायचा.

मग मीही हुशार झाले. शेवटचा कोपरा आला की टाचा जमिनीला टेकवून पाय रोवून बसायची. मग कितीही हिसका मारा, मी हलते का? हे म्हणायचे, "हरलो बा तुले." मी म्हणायची, "हराच." बरीच वर्षं मीच जिंकत होते.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात यांना छातीचा त्रास झाला. दवाखाना झाला, औषधं झाली, डॉक्टरांनी जड काम बंद केलं. पण कापड ताणायला हे बसायचेच. "हे काय जड काम व्हय?" म्हणायचे. शेवटचं टेबल आम्ही दारव्ह्याला केलं. शेवटच्या कोपऱ्याला यांनी हिसका दिला... आणि तो इतका हलका होता की मला आधी कळलंच नाही. मी आपली सवयीनं पाय रोवून बसलेली. पलीकडून आवाज आला, "आता नाही पडत बा तू." मी म्हटलं, "नाहीच पडत." त्यानंतर पावसाळा लागायच्या आतच हे गेले. एकदा मी पडले असते तर काय बिघडलं असतं, असं मनात येतं. असो.

हे गेल्यावर कारखाना मी आणि माझे दीर, सुखदेव भाऊजी, असे दोघं बघू लागलो. भाऊजी सुतारकामात पक्के. रंधा मारावा तो त्यांनीच. मेण, पाणसळ हेही त्यांनी उचललं. पण कापड? भाऊजींची ओढ म्हणजे बैलाचा कासरा! आम्ही घाटंजीतच एक टेबल केलं, त्याला लाट आली. उकललं, परत केलं, परत लाट. कापड खिळ्यांपाशी फाटायला लागलं. शेवटी नवं कापड आणून नागपूरच्या माणसांना बोलावून ते टेबल पूर्ण करून घेतलं. गिऱ्हाईक चांगलं, काही बोललं नाही. ते न बोलणंच मला लागलं.

माझी मुलगी प्रज्ञा पुण्याला असते. ती तर आधीपासून मागे लागलेली, "आई, बंद कर ते सगळं आणि इकडे ये." त्या दिवशी मी फोनवर म्हटलं, "एक टेबल राह्यलं आहे, मारेगावचं. ते माझ्या हातून नीट झालं नाही, तर येते. कारखान्याला कुलूप लावते आणि येते." ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "खरंच." बोलून तर बसले. पुण्याचं वाईट नाही. जावई गुणी आहे. पण तिथं राळेचा वास नाही, लाकडाचा भुसा नाही, आणि यांनी हात लावलेली एक वस्तू नाही. कारखान्याला कुलूप म्हणजे यांना दुसऱ्यांदा पोचवणं, असं मला वाटत होतं.

मारेगावचं टेबल यांनीच बांधलेलं, फार जुनं. पावडेभाऊ म्हणून आहेत, त्यांचा खेळाचा हॉल. त्यांनी हॉल नव्या जागेत नेला, कापसाच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर. टेबल खोलून तिथं नेलं होतं, ते परत जुळवायचं आणि कापड नवं घालायचं. दिवाळी होऊन गेलेली, हवा कोरडी आणि स्वच्छ. असल्या हवेत कापड ऐकतं. ढगाळ दिवशी हे कापडाला हातच लावत नसत.

सकाळी आम्ही पाटी बसवली. जुनं मेण खरवडताना त्यातून तोच वास आला... यांनी त्या वेळी भरलेलं मेण. मी खरवडलेला चुरा कागदात बांधून पिशवीत ठेवला.

दुपारी कापड घेतलं. आखूड बाजू कशाबशा झाल्या. मग लांब बाजू. इथंच खरी परीक्षा असते. मी बसले, भाऊजी पलीकडे बसले, आणि दोन-तीन खिळ्यांतच लाट उठली. मी खिळे उपटले. परत. परत लाट. मी म्हटलं, "भाऊजी, हळू ओढा हो."

"हळू ओढतो तं म्हणता ढिलं," भाऊजी टेबलाच्या वर डोकं काढून म्हणाले. "जोरात ओढतो तं म्हणता लाट. मंग ओढू कसं ते तरी सांगा, वहिनी."

"ओढायचं नाही. धरायचं."

"धरायचं म्हंजे?"

आता काय सांगू? मी हात हवेत धरून "असं... असं" केलं. त्याला काय अर्थ होता? त्यांचंही बरोबर होतं. जे मला कधी शब्दांत शिकावंच लागलं नाही, ते मी शब्दांत कसं सांगणार!

"दादाले जमत होतं, मले नाही जमत," भाऊजी म्हणाले. सख्खा भाऊ गेलेला, त्यांनी कधी रडून दाखवलं नाही. "डोकं गरम झालं माह्यं. चहा घेऊन येतो." कापड सोडून ते निघून गेले.

हॉलमध्ये मी एकटी. पावडेभाऊ बाहेर रस्त्याकडच्या खोलीत, फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. पंखा बंद होता, कारण पंख्यानं कापड उडतं. रस्त्यावरून कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे चालल्या होत्या, त्यांची घरघर. खिडकीतून ऊन बरोबर टेबलावर पडलेलं. मी तशीच उकिडवी बसून होते. उठावंसं वाटेना. मनात म्हटलं, झालं, सुमन. कुलूपच दिसतं नशिबात. आणि काही करायचं म्हणून तोंडात खिळे भरले, कापडाची कड हातात घेतली.

दोन बारके झटके आले.

मला वाटलं, भाऊजी परत आले. चहा न घेताच आले, वाईट वाटलं असेल बिचाऱ्यांना. पावलं ऐकू आली नव्हती, पण ट्रॉल्यांच्या आवाजात कुठली ऐकू येणार? झटके नेमके होते, म्हणजे "धरलं, मार." म्हटलं चला, निदान खूण तरी लक्षात ठेवली भाऊजींनी. मी मधला खिळा ठोकला.

आणि कापड आलं. कसं सांगू... ओढलेलं नाही, धरलेलं. हातोडी पडली की पलीकडचा हात केसभर सैल व्हायचा, म्हणजे खिळ्यावर कापड फाटत नाही, आणि लगेच परत धरायचा. मी मनात म्हटलं, वा भाऊजी, शिकलात की! एवढा वेळ माझं डोकं कशाला खाल्लं? मी मधून डावीकडे गेले, परत मध्याला येऊन उजवीकडे. एक खिळा, दुसरा खिळा. पाटीवरून कडेपर्यंत कापड आरशासारखं बसत होतं. मला इतका आनंद झाला की तोंडात खिळे असूनही मी काहीतरी गुणगुणत होते.

मधे एकदा लांब ओढ आली. थांब. मी थांबले, बघितलं, तर मारलेला खिळा पट्टीत वाकडा गेलेला, कापडाचा धागा खेचला गेलेला. उपटला, परत मारला. दोन झटके आले. पुढे निघाले. त्या वेळी माझ्या मनात आलं नाही की पलीकडे बसलेल्या माणसाला माझा वाकडा खिळा दिसला कसा. यांना तो धाग्यावरून कळायचा. मला त्याची इतकी सवय होती की त्यात नवल करण्यासारखं काही वाटलंच नाही.

शेवटचा कोपरा आला. तोंडातले खिळे संपले होते. जास्तीचं कापड मी दोन्ही हातांनी धरलं आणि "भाऊजी, शाबास" असं म्हणायला तोंड उघडलं...

हिसका बसला.

चांगला जोराचा, पहिल्या वर्षांत बसायचा तसा. मी चवड्यांवर होते. पाय रोवायचं कारणच नव्हतं, भाऊजींना ही गंमत ठाऊक नाही. मी धाडकन गुडघ्यावर आले, कपाळ पट्टीला टेकलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अवो, लाज वाटते का काही!"

हसण्याचा आवाज आला नाही. मी त्या आवाजाची वाट बघत होते, आणि तो आला नाही, तेव्हा कुठं मला कळलं की मी कुणाला बोलले.

मी उठले. पलीकडे कुणी नव्हतं. कापडाची ती कड मोकळी लोंबत होती, एकही खिळा नाही, आणि अगदी हलकी हलत होती. माझी बाजू पूर्ण ठोकलेली, सरळ, सुरकुती नाही. दारात सुखदेव भाऊजी उभे होते. एका हातात प्लास्टिकच्या पन्नीतला चहा, गळ्यातला दुपट्टा दुसऱ्या हातात घेतलेला. आणि पायात चपला नव्हत्या. चपला दाराबाहेर काढलेल्या होत्या. पूल खेळायच्या हॉलमध्ये कोण चपला काढतं?

"चहा थंडा झाला," एवढंच ते म्हणाले.

आम्ही तो थंड चहा प्यालो. मग ते पलीकडे बसले आणि आम्ही दुसरी बाजू ठोकली. एक बाजू इतकी सारखी बसली होती की दुसरीला ओढावं लागलंच नाही, नुसतं धरायचं होतं. भाऊजींनी धरलं. पहिल्यांदा त्यांनी धरलं. मी बघत होते, त्यांचे ओठ हलत होते. ते खिळे मोजत होते की आणखी काही, कुणास ठाऊक.

यांची एक शेवटची तपासणी असायची. गोटी काठीनं मारायची नाही, हातानं सोडायची, अगदी सावकाश, आणि डोळे मिटून ऐकायचं. सांध्यावरून जाताना "टिक" वाजलं की काम खोटं. मी गोटी सोडली, डोळे मिटले. ट्रॉल्या थांबलेल्या. गोटी गेली, पलीकडच्या रबराला टेकली, थांबली. मधे काहीही वाजलं नाही. पावडेभाऊ म्हणाले, "मिस्त्रींचाच हात आहे, काकू." त्यांना काहीही ठाऊक नव्हतं, त्यांनी आपलं कौतुक केलं. मी आणि भाऊजींनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

टेम्पोनं परत निघालो. करंजी मागे पडली. पांढरकवडा यायच्या अलीकडे मी विचारलं, "तुम्ही दारात केव्हापासून उभे होता, भाऊजी?"

"तुम्ही डावीकडचं ठोकून राह्यल्या होत्या तवापासून."

"मग काय पाह्यलं?"

भाऊजी रस्त्याकडे बघत राहिले. "कापड ताणलेलं होतं. पलीकडून. कोणीच नव्हतं तिथं, वहिनी, पण कापड खाली नव्हतं लोंबत. धरल्यासारखं होतं."

"मग हाक काहून नाही मारली मले?"

"काम चालू होतं ना तुमचं," ते म्हणाले. "दोघायचं काम चालू असलं की दादाले मधात बोललेलं चालत नसे."

मी खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर काय दिसत होतं ते सांगता येणार नाही, डोळ्यांत पाणी होतं.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी आधीच करून बघितलंय. कापड स्वतःच्या वजनानं ताणलं गेलं असेल? कारखान्यात तसंच कापड टेबलावर टाकून बघितलं, ते नुसतं लोंबतं. माझ्या बाजूनं ओढलं की सगळं घसरून माझ्या मांडीवर येतं. पलीकडे कशात अडकलं असेल? त्या दिवशीच आम्ही दोघांनी टेबलाखाली बघितलं होतं, अडकायला काही नव्हतं. वारा म्हणाल, तर खिडकीतून वारा असा दोन झटके देऊन परवानगी मागत नाही. एवढ्या वर्षांच्या सवयीनं हातांनीच खेळ केला म्हणाल, तर माझं मी मान्य करते, मग भाऊजींनी काय पाहिलं? प्रज्ञाला सांगितलं तेव्हा ती शिकलेली मुलगी, दुःखात मेंदू काय काय करतो ते तिनं मला नीट समजावलं. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आणि आई... बाबा खरंच हिसका मारायचे?" मी म्हटलं, "हो." मग ती फोनवर बराच वेळ हसली, आणि मग रडली. पुण्याचं नाव त्यानंतर तिनं काढलं नाही.

हे स्वतः असते तर त्यांनीच मला सगळ्यात आधी उडवून लावलं असतं. "सुमन, पोळ्याच्या मेणाची धुंदी चढली का तुले?" म्हणाले असते. सासरे असते तर त्यांनी कात्री आणली असती. मी अजूनही अंगारा लावत नाही, कुणाला विचारायला गेले नाही, जाणारही नाही. हे काय होतं ते मला सांगता येत नाही, एवढंच खरं. आणि भीती? ती एका क्षणालाही वाटली नाही. उलट राग आला होता, स्वतःचा. मी उठून बघायला नको होतं. जरा वेळ तशीच गुडघ्यावर राहिले असते, तर...

कारखाना चालू आहे. भाऊजींना आता धरायला चांगलं जमतं, खूणही बरोबर देतात. त्यानंतर आम्ही टेबलं केली, फुलसावंगीला केलं, उमरखेडला केलं, परवा घाटंजीतच एक झालं. कापड दरवेळी नीट बसतं. पण ते भाऊजींचंच कापड असतं, मला कळतं. हिसका परत कधी आला नाही.

तरी सगळे खिळे झाले की मी भाऊजींना सांगते, "तुम्ही उठा, चहा सांगा. कोपरा मी बघते." ते उठतात, बाहेर जातात. मी एकटी शेवटचा कोपरा दोन्ही हातांनी धरून उकिडवी बसते, जरा जास्तच वेळ. गुडघे दुखतात आता, वय झालं. पण टाचा मी जमिनीला टेकवत नाही.